शब्दचर्चा : स्कीम बदलली की लाइनबॅकरचा 'भाव' बदलतो की 'मोल'?

मूळ प्रश्न

ह्यूस्टनच्या आसपास राहणारे आम्ही बारा मराठी लोक दरवर्षी अमेरिकन फुटबॉलचा फॅन्टसी खेळ, फॅन्टसी फुटबॉल, खेळतो. क्रिकेटचे असे खेळ तिकडे भारतात सर्वांना ठाऊक आहेत. खऱ्या खेळाडूंमधून आपला संघ बांधायचा आणि ते मैदानावर जे करतील त्याचे गुण आपण घ्यायचे. आमच्या गटात बचावातल्या एकेका खेळाडूलाही गुण असतात. प्रतिस्पर्ध्याला एकट्याने पाडलं तर २, दोघांनी मिळून पाडलं तर १, क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमणात चेंडू फेकणाऱ्याला, फेकण्याआधीच गाठलं (त्याला 'सॅक' म्हणतात) तर ४.

हंगामाआधी मी गटासाठी एक टिपण लिहिते. यंदाचा विषय आहे 'डिफेन्सची स्कीम चेंज झाली की लाइनबॅकरची व्हॅल्यू कशी चेंज होते'. यात मराठी किती उरलं ते तुम्हीच बघा. 'लाइनबॅकर' राहू दे, पुढच्या फळीच्या पाठीशी उभा राहणारा तो, त्याचं नाव त्या खेळाचंच आहे. पण 'स्कीम', 'व्हॅल्यू', 'टॅकल' यांना आपल्याकडे अंगचे शब्द असणारच. 'योजना' आणि 'मूल्य' वापरून पाहिले, तर टिपण परिपत्रकासारखं वाचलं जायला लागलं.

प्रतिसाद

ताई, 'योजना' नकोच, 'मांडणी' घ्या. पट मांडतात, तसे हे खेळाडू मांडलेले असतात. 'व्यूह' भारदस्त आहे, पण त्यात समोरच्याला अडकवण्याचा भाव येतो. एखाद्या वेळी लाइनबॅकर अचानक आत घुसवतात, त्या डावपेचासाठी तो राखून ठेवा.

खरी अडचण आकड्यांची आहे. पुढच्या फळीत तीन आणि त्यांच्या मागे चार लाइनबॅकर असतील तर तिला ३-४ म्हणतात, उलट असेल तर ४-३. मराठीत 'तीन-चार' म्हणजे अंदाजे! 'तीन-चार खेळाडू उभे होते' यात मांडणी कुणाला दिसणार नाही. आणि 'चार-तीन' असं आपण बोलतच नाही, लागोपाठच्या आकड्यांची जोडी बहुधा चढती, दोन-तीन, पाच-सहा. म्हणून 'तिघांमागे चार' आणि 'चौघांमागे तीन' असं लिहावं.

प्रतिसाद

तिघांमागे चार फार छान. यात भर म्हणून: पुढच्या फळीतले जमिनीला हात टेकून असतात, लाइनबॅकर ताठ. 'तीन ओणवे, चार उभे' म्हटलं तर न पाहणाऱ्यालाही चित्र दिसेल.

माझा मुद्दा 'टॅकल'चा. मी सांगलीत बरीच वर्षं कबड्डी खेळलो. आपल्याकडे 'पकड' हा शब्द तयार आहे, वर्तमानपत्रंही तोच छापतात. आणि तुमच्या खेळात तर तो हवाच, कारण 'टॅकल' हे तिथे कृतीचंही नाव आहे आणि पुढच्या फळीतल्या एका जागेचंही. 'टॅकलने टॅकल केलं' हे वाक्य लिहायची वेळ येते. जागेला टॅकल राहू द्या, कृतीला पकड म्हणा. दोघांनी मिळून केली ती 'जोडपकड'. तिला 'साखळी' म्हणू नका. साखळी चढाई येण्याआधी हात धरून केलेली असते, जोडपकड घडून गेल्यावर मोजली जाते.

धागाकर्ती

काका, 'पकड' आणि 'जोडपकड' आजपासून आमच्या गटात. मनापासून आभार.

आता 'व्हॅल्यू'. हा प्रश्न मला ज्याच्यामुळे पडला त्या खेळाडूची गोष्ट सांगते. डिमेको रायन्स, जो २०२३ पासून ह्यूस्टन टेक्सन्सचा मुख्य प्रशिक्षक आहे. २००६ मध्ये तो याच संघात नवखा होता. चौघांमागे तीन अशी मांडणी, १५६ पकडी, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा बचावपटू. २०११ मध्ये वेड फिलिप्स बचावाचे प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी तिघांमागे चार अशी मांडणी आणली. रायन्सच्या पकडी ६४ वर आल्या. त्याच वर्षी त्याच मांडणीत, आधी कडेला खेळणारा ब्रायन कुशिंग आत आला आणि त्याने ११४ केल्या. २०१२ मध्ये रायन्स फिलाडेल्फियाला गेला, पुन्हा चौघांमागे तीन, पुन्हा ११३.

आता सांगा, २०११ मध्ये रायन्सचं 'मूल्य' कमी झालं असं लिहू? माझं मन घेत नाही. त्याची नजर, समोरच्याचा डाव ओळखणं, बाकीच्यांना उभं करणं, हे सगळं शाबूत होतं. म्हणून माझा प्रस्ताव: खेळाडूत असतं ते 'मोल', आणि आमच्या गटात त्याला मिळतो तो 'भाव'. कांदा तोच असतो, लासलगावात भाव पडतो. मांडणी भाव बदलते.

प्रतिसाद

भाव आणि मोल हा भेद पटला. उदाहरणाबद्दल मात्र हरकत आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये रायन्सच्या टाचेची शीर तुटली होती. २०११ मध्ये तो त्या दुखापतीतून परतत होता. सगळा दोष मांडणीवर घालू नका.

दुसरं, तुम्ही २०१३ वगळलंत. चिप केली फिलाडेल्फियाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि तिथेही तिघांमागे चार आली. रायन्सच्या पकडी किती? १२७. म्हणजे वाढल्या! मांडणीचं नाव २०११ सारखंच, फळ उलटं. कारण फिलाडेल्फियात तो क्वचितच बाहेर बसायचा. ह्यूस्टनमध्ये पास येणार असं दिसलं की तो बाहेर आणि कुशिंग आत. शिवाय केलीची आक्रमणाची घाई इतकी की चेंडू लवकर समोरच्यांकडे जायचा आणि बचावाला जास्त वेळ मैदानावर राहावं लागायचं. पकडीच्या संधी वाढणारच.

तेव्हा आणखी एक शब्द लागेल: 'वाटा'. एकूण चेंडूंपैकी, म्हणजे खेळाच्या एकेका फेरीपैकी, किती चेंडूंना हा खेळाडू मैदानावर होता, तो त्याचा वाटा. मांडणी आधी वाटा बदलते आणि वाटा भाव बदलतो. मधली पायरी गाळून लिहिलं की आपण दरवर्षी चुकतो. मी स्वतः चुकलो आहे.

धागाकर्ती

दादा, हरकत मान्य. दुखापतीचा उल्लेख टिपणात घालते. आणि 'वाटा' हा शब्द तर माझ्या मुद्द्याचा कणाच झाला.

यावरून आठवलं. संघ कागदावर जी मांडणी सांगतो तिला 'बेस' म्हणतात, मी 'मूळ मांडणी' लिहीत होते. पण आज बहुतेक संघ निम्म्याहून अधिक चेंडूंना 'निकल'मध्ये असतात. सहसा एक लाइनबॅकर कमी करून सर्वांत मागच्या चौघांत पाचवा खेळाडू घालायचा. पाच म्हणून पाच सेंटचं नाणं, निकल. सहावा आला की त्याच्या वरचं नाणं, डाइम, आणि मग बहुधा एकच लाइनबॅकर उरतो. जी मांडणी कमी वेळ दिसते तिला 'मूळ' म्हणणं मला आता खोटं वाटतं. 'जाहीर मांडणी' लिहीन.

प्रतिसाद

'पोझिशन'चंही बघा. तीन वेगळ्या गोष्टींना आपण हा एकच शब्द लावतो: खेळाडू उभा राहतो ती 'जागा', त्याला दिलेलं 'काम', आणि फॅन्टसीच्या यादीत त्याच्या नावापुढे लिहिलेला 'हुद्दा'. २०२१ मध्ये मायका पार्सन्स डॅलसमध्ये लाइनबॅकर म्हणून आला आणि क्वार्टरबॅकच्या मागे लागण्याचं काम करू लागला. पहिल्याच वर्षी १३ सॅक, पकडी ८४. यादीत लाइनबॅकर असताना त्याची तुलना दीडशे पकडी करणाऱ्यांशी व्हायची. पुढच्या फळीचा हुद्दा मिळाला की तोच खेळाडू यादीच्या टोकाला. खलील मॅकला तर २०१५ मध्ये एकाच वर्षी दोन जागांसाठी ऑल-प्रोच्या, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात निवडलं गेलं, डिफेन्सिव्ह एंड (पुढच्या फळीच्या टोकाचा) म्हणूनही आणि बाहेरचा लाइनबॅकर म्हणूनही.

उलटं उदाहरण ॲरिझोनाचा झेवन कॉलिन्स. २०२२ मध्ये आतला लाइनबॅकर होता. २०२३ मध्ये नवे प्रशिक्षक आले, त्यांनी त्याला कडेला नेलं. हुद्दा लाइनबॅकरच राहिला, काम बदललं, आणि पकडी निम्म्याहून खाली गेल्या. हुद्द्याकडे बघून त्याला घेणारे फसले.

धागाकर्ती

'हुद्दा' इतका चपखल बसेल असं वाटलं नव्हतं. टिपणाची सुरुवात आता अशी लिहिली आहे, कुठे अडखळतं का सांगा:

'नवा प्रशिक्षक मांडणी बदलतो तेव्हा लाइनबॅकरचं मोल तेच राहतं. आधी त्याचं काम बघा, मग वाटा. दोन्ही टिकले असतील तर जाहीर मांडणी काहीही असो, भाव पडणार नाही. हुद्दा सगळ्यात शेवटी बघा.'

एक शब्द अजून हवा आहे. जो लाइनबॅकर कधीच बाहेर बसत नाही त्याला इथे 'थ्री-डाउन' म्हणतात. 'पूर्णवेळ' लिहिलं तर नोकरीची जाहिरात वाटते.

प्रतिसाद

२००८ पासून बचावातल्या एका खेळाडूच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येतो आणि त्याच्या मागे हिरवा ठिपका लावलेला असतो. डाव सांगायचा म्हणून त्याला सहसा बाहेर काढत नाहीत. तुमच्याकडे घरात त्याला काय म्हणता?

धागाकर्ती

आई त्याला 'टिकलीवाला' म्हणते. पहिल्या रविवारी तीच विचारते, यंदा टिकली कुणाला? टिपणात हाच शब्द घालते.