थंडीतली भटकंती: डोंगर की समुद्र? अनुभव लिहा

पावसाळी ट्रेकवर आपण वर्षभर पुरेल एवढं लिहितो. माझ्या मते खरा मोसम डिसेंबर-जानेवारीच. कातळ कोरडा, गवत पिवळं, पहाटे बोचरी थंडी. नाताळच्या सुट्टीत कुठे गेलात, काय पाहिलंत, काय खाल्लंत, ते सविस्तर येऊ द्या. नुसते फोटो नकोत.

घसारा: पाचनईकडून हरिश्चंद्रगड. सोपी वाट, पोरं तुरुतुरु चढली. कोकणकड्यावर खालून असा वारा येत होता की दरीत भिरकावलेलं वाळकं पान परत तोंडावर! केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढं पाणी. पिंडीभोवतीच्या चार खांबांतला एकच शाबूत आहे. भाऊजी प्रदक्षिणा घालू म्हणाले, निम्म्यातच त्यांचे दात वाजायला लागले. बाहेर येऊन पिठलं-भाकरीवर तुटून पडलो.

रानभूल: ३१ डिसेंबरला कळसूबाईला जाऊ नका, एवढंच सांगते. १६४६ मीटरवर नवं वर्ष बघायला अख्खं राज्य लोटतं, शिड्यांपाशी रांग लागते. बारीतून मधल्या वारी निघा, डोंगर तुमचाच.

मांदेली: आम्ही अलिबागकर, त्यामुळे समुद्रच. समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चालत जायचं तर आधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती आणि सकाळी सव्वाआठला सुकती. अष्टमीला सुकती बाराला येते खरी, पण भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी भरती-ओहोटीचं, पाणी पुरतं हटत नाही. हिशोब ढोबळ आहे, किनाऱ्यावर विचारूनच पाय घाला. थंडीत सकाळी ती ओली वाळू तळव्यांना अशी झोंबते की झोप उडतेच.

रात्री शेतात पोपटी. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, वर पुन्हा पाला दाबून बसवायचा. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र वाजलं की झाली.

कुरव: आंजर्ल्याला या दिवसांत कुरवांचे (सीगल पक्ष्यांचे) थवे उतरतात. त्यांना शेव-फरसाण घालणाऱ्यांना हात जोडून विनंती: नका घालू. आणि कासवांची पिल्लं बघायला डिसेंबरात वेळासला धावू नका. मादीने अंडी घातल्यावर पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ बरा.

घसारा: मांदेली, शाकाहारी पोपटी होते का हो? घरात निम्मे माळकरी.

मांदेली: होते की. कोंबडी-अंड्यांऐवजी बटाटे, रताळी, कांदे भरा. शेंगा मात्र वालाच्याच, आणि कोवळ्या नकोत, दाणा भरलेल्या घ्या.