कडबा आणि वाढ्यावर एसएनएफ टिकेना, अ‍ॅझोला करू का?

आटपाडीकर
तीन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत, प्रत्येकी दहा लिटरच्या आसपास दूध. हिरवी मका फेब्रुवारीतच संपली. आता एका गाईला रोज २० किलो उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला), ४ किलो शाळूचा (रब्बी ज्वारीचा) कडबा आणि ३ किलो सरकी पेंड घालतो. फॅट ३.८ लागतोय, पण एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.१ वर आलाय आणि डेअरीत दर कापला जातोय. पेंड ५ किलो करू, की अ‍ॅझोल्याचे (पाण्यावर तरंगत वाढणाऱ्या चाऱ्याचे) खड्डे काढू? व्हिडिओत तर अ‍ॅझोला म्हणजे अमृतच.

म्हसवडची आक्का
बाळा, चाऱ्याचा हिशेब पाणी वजा करून करायचा. अ‍ॅझोल्यात शंभरात त्र्याण्णव-चौऱ्याण्णव भाग पाणी. वाळवून तपासला तर प्रथिनं २०-२५ टक्के भरतात, व्हिडिओवाले तेवढंच सांगतात. दोन किलो ओला घातलास तर हाती लागतात तीसेक ग्रॅम प्रथिनं. तेवढी मूठ-दीड मूठ सरकी पेंडीत असतात. टँकरचं पाणी गाईला पाजायचं की त्या खड्ड्याला?

आता तुझी गव्हाण बघू. कडब्यात प्रथिनं ३-४ टक्के, वाढ्यात सुक्या वजनावर ५ च्या आसपास. पेंड धरून सगळं मिळून किलोच्या थोडं वर जातं, दहा लिटरच्या गाईला सव्वा किलो तरी हवं. म्हणजे तूट आहेच. पण एसएनएफ पडतो तो जास्त करून ताकदीचं खाणं कमी पडल्यानं. सरकीतल्या तेलानं फॅट धरून ठेवलाय, म्हणून तुला गाय बरी वाटते. पेंड ३ किलोच राहू दे, वर किलोभर मक्याचा भरडा दे. वाढं पाच किलोनं कमी कर आणि त्या जागी तुरीचा भुसा किंवा भुईमुगाचा वाळलेला पाला घाल. पाल्यात कडब्याच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात.

वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून टाकतं. २०१२-१३ च्या दुष्काळात नुसत्या वाढ्यावर काढलेल्या गाई पुढं माजावरच येईनात, आमच्या वस्तीवर पाहिलंय. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपड आणि आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण घाल. गावरान खिलार असती तर कडब्यावर गप राहिली असती. एचएफ अंगावरचं झिजवून दूध देते.

सांगोल्याचा गडी
कडबा भरपूर असेल तर यूरिया प्रक्रिया करा. १०० किलो कुट्टीला ४ किलो यूरिया, ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, तुडवायचं आणि प्लास्टिकखाली २१ दिवस हवाबंद ठेवायचं. प्रथिनं ७ टक्क्यांच्या घरात जातात. उग्र वास उडेपर्यंत पसरून ठेवा, मगच घाला. सहा महिन्यांखालच्या वासराला नाही. आणि यूरियाच्या पाण्याची बादली गोठ्यात विसरू नका, गाय प्यायली तर मरते.

आटपाडीकर
आक्का, तुरीचा भुसा इथं शेळीवाले आधीच उचलतात. बांधाला सुबाभूळ आहे, चालेल का? शाळूच्या धसकटालाही हिरवे फुटवे आलेत, गाई सोडाव्या म्हणतो.

म्हसवडची आक्का
फुटव्यावर अजिबात सोडू नकोस! पाण्याच्या ताणातल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं. ही विषबाधा, म्हणजे किराळ, लागली तर डॉक्टर गाडी काढेपर्यंत गाय आडवी होते.

सुबाभूळ चालेल, पाल्यात प्रथिनं २० टक्क्यांच्या वर. पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेव, त्यातल्या मायमोसीननं केस गळतात. तोडून थोडा सुकवून घाल. शेवरी मिळाली तर ती आधी घे.

भरडा पहिल्याच दिवशी किलोभर घालू नकोस, पोट बिघडेल. पावशेरापासून सुरू करून आठ-दहा दिवसांत वाढव. सकाळ-संध्याकाळचा एसएनएफ वेगळा लिहीत जा, पंधरवड्यात हलला नाही तर आकडे इथं टाक.