ट्रकच्या केबिनमधील एसी आणि डीलरकडची दुरुस्ती : आपापले अनुभव सांगावेत

पंचगंगाकाठ
१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या ट्रकांना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे. परवा आमच्या एका नातलगाने अशी नवी गाडी घेतली. तिचे पेढे खाताना मला आमचा जुना एसी ट्रेलर आठवला आणि तोंडाची चव थोडी बदलली, म्हणून हा धागा काढत आहे.

आमची ती गाडी न्हावाशेवा बंदरातून कंटेनर घेऊन कोल्हापूरला येत असे. दुसऱ्या उन्हाळ्यात केबिन थंड होईना, तेव्हा डीलरच्या वर्कशॉपने गॅस कमी झाल्याचे सांगून तो भरून दिला आणि जॉबकार्डावर ‘एसी तपासला, ठीक’ असा शेरा मारला. काही आठवड्यांत पुन्हा तेच झाले, पुन्हा गॅस भरला गेला, आणि गाडी वॉरंटीत असूनही गॅसचे बिल दर वेळी आमच्याच नावे फाडण्यात आले, कारण म्हणे गॅस वॉरंटीत येत नाही. चारही बाजूंनी बंद असलेल्या नळ्यांमधला गॅस जातो कुठे, असे मी विचारले, तेव्हा सर्व्हिस अॅडव्हायझरने “साहेब, गाडी रस्त्यावर चालली की थोडाफार उडायचाच,” असे शांतपणे सांगितले.

अखेर आमच्या ड्रायव्हरनेच केबिन टिल्ट केलेली (म्हणजे इंजिन उघडे करण्यासाठी पुढे कलती केलेली) असताना गळती दाखवून दिली. एसीचा होज पाइप चासीवरच्या एका ब्रॅकेटला घासत होता आणि तेवढ्याच टीचभर जागेवर तेलकट धुळीचा काळा थर बसला होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते आणि त्यावर धूळ चिकटते, इतकी ती उघड खूण होती. वर्कशॉपमध्ये केबिन टिल्ट करण्याची तसदी तोवर कोणीही घेतली नव्हती. आपले अनुभव अवश्य लिहावेत.

बुटीबोरीकर
आमच्याकडे गंमत वेगळीच आहे. गाडी संध्याकाळी वर्कशॉपला लावायची, ते सकाळी आठ वाजता एसी तपासणार आणि “पाहा, किती गार हवा येते आहे,” म्हणून किल्ली हातात ठेवणार. मे महिन्यात नागपुरात दुपारी पारा ४५ अंशांवर जातो आणि एसीची खरी परीक्षा तेव्हाच असते, हे त्यांना ठाऊक नाही असे मी मानत नाही. भर दुपारी, गाडी उन्हात उभी असताना, इंजिन चालू ठेवून तपासा, असा आग्रह मी धरला तेव्हा मेकॅनिकची जेवणाची वेळ झाली होती. ती जेवणाची वेळ साडेचारपर्यंत चालली.

गेजवाला
मी काही वर्षे एका डीलरकडे एसीचेच काम केले आहे आणि आता स्वतःचे दुकान चालवतो, त्यामुळे आतली बाजू सांगतो. वॉरंटीतील कामासाठी कंपनी डीलरला ठरावीक वेळेचीच मजुरी देते. गळती शोधायला अर्धा दिवस लागला तरी मजुरी तेवढीच मिळते, आणि गॅस भरायला मात्र तासभर पुरतो. मेकॅनिक आळशी असतो असे नाही. त्याच्या मागे दहा गाड्या उभ्या असतात आणि सुपरवायझर घड्याळाकडे पाहत असतो.

योग्य रीत अशी आहे की, उरलेला गॅस मशीनने काढून त्याचे वजन करावे, म्हणजे किती गेला ते कळते. मग कोरड्या नायट्रोजनचा दाब देऊन प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावावे, ओ-रिंग (जोडांतल्या रबरी कड्या) बदलाव्यात, ओलावा शोषणारा ड्रायर नवा टाकावा, पुरेसा वेळ व्हॅक्यूम धरावा, म्हणजे पंपाने आतली हवा व ओलावा ओढून काढावा, आणि त्यानंतरच कंपनीने सांगितलेल्या वजनाइतका गॅस भरावा. व्हॅक्यूम न धरता गॅस भरला, तर आत राहिलेला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे गॅस जिथून फैलावून थंड होतो त्या झडपेच्या, बारीक तोंडाशी गोठतो. गाडी सुरू केल्यावर काही वेळ उत्तम थंडावा मिळतो, मग हवा कोमट होते, आणि एसी बंद ठेवून बर्फ वितळला की पुन्हा थंडावा येतो. असे लक्षण दिसले तर वर्कशॉपने व्हॅक्यूम नीट धरला होता का, हे आधी विचारावे.

खंबाटकी
आमच्या वर्कशॉपमध्ये व्हॅक्यूम फक्त गिऱ्हाइकाच्या खिशात धरला जातो.

माई_जळगाव
कुकरची शिट्टी होईपर्यंत लिहून टाकते. आमच्या ह्यांची स्वतःची एकच गाडी आहे आणि केळी भरून ते उत्तरेकडे जातात. त्यांच्या गाडीत दोनदा गॅस भरला, मग कॉम्प्रेसर बदलला, मग पूर्ण डॅशबोर्ड खोलून कूलिंग कॉइल नवीन बसवली, तरी येणारी हवा कोमटच होती. शेवटी धुळ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने काहीही न खोलता हीटरकडे जाणारा रबरी पाइप पकडीने दाबून धरला आणि दोन मिनिटांत गार हवा आली. हीटरचा कॉक उघडा अडकला होता आणि इंजिनचे गरम पाणी सतत हीटरच्या कॉइलमधून फिरत होते. एसीने थंड केलेली हवा तिथे पुन्हा तापत होती.

जुना कॉम्प्रेसर परत मागितला, तर तो “कंपनीला पाठवला” असे उत्तर मिळाले. डॅशबोर्ड खोलून बसवल्यापासून आत कसलीशी खडखड सुरू झाली आहे ती वेगळीच. ह्यांची झोप त्या खडखडीने जाते, आणि माझी हप्त्याने.

बुटीबोरीकर
माई, कॉम्प्रेसर वॉरंटीत बदलला की पैसे घेऊन? वॉरंटीत बदलला असेल तर जुना भाग ते खरोखरच ठेवून घेतात; पैसे घेतले असतील तर तो मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार होता.

माई_जळगाव
दादा, अर्धे पैसे आमचे आणि अर्धे त्यांचे, “गुडविल” म्हणून. म्हणजे अर्धा कॉम्प्रेसर तरी मिळायला हवा होता.

ह्यूस्टनवासी
माझी गाडी मालवाहू नाही, पिकअप आहे. परंतु टेक्सासचा उन्हाळा आणि डीलरचा काउंटर ह्या दोन्ही बाबतींत मी आपल्या सर्वांच्या पंगतीत बसतो. इथे आधी तपासणीचे शुल्क भरावे लागते आणि मगच दोष कळतो. माझ्या गाडीचा कंडेन्सर, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटरसारखा भाग, गळत होता. तो पुढच्या जाळीमागे असतो, म्हणून डीलरने “खडा लागला असणार, बाहेरच्या आघाताला वॉरंटी नाही,” असा निर्णय दिला. मी भिंग आणि टॉर्च घेऊन पाहिले, तर गळतीचा हिरवट डाग कडेच्या जोडाजवळ होता आणि त्याच्या पातळ पात्यांवर खड्याची एकही खूण नव्हती. फोटो काढून थेट कंपनीच्या ग्राहक विभागाकडे पाठवल्यावर तोच डीलर तोच कंडेन्सर विनामूल्य बदलून द्यायला तयार झाला. अलीकडच्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा गॅस असतो आणि तो जुन्या आर-१३४ए पेक्षा पुष्कळ महाग पडतो, त्यामुळे ‘आधी भरून पाहू’ हा प्रयोग इथे फारच झोंबतो.

उसाचा_फड
डीलरची बाजूही थोडी मांडतो, राग नसावा. आमच्या गाड्या हंगामात ऊस वाहतात आणि पाचटाचा भुसा व शेतरस्त्याची धूळ कंडेन्सरच्या पात्यांत अशी गच्च बसते की, हवाच आरपार जात नाही. मग आतला दाब वाढतो, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो आणि आपण मात्र गॅस गेला म्हणून बोंब मारतो. हे काम घरच्या घरी, मऊ ब्रश आणि साध्या पाण्याच्या धारेने होण्याजोगे आहे. आमच्या डीलरने मात्र तेच काम गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने केले आणि निम्म्या पात्या आडव्या करून ठेवल्या. तेव्हा बाजू मांडायला घेतली खरी, पण ती इथवरच टिकते.

सनद_२००४
मी ग्राहक आयोगात वकिली करतो, म्हणून एक मुद्दा स्पष्ट करतो. ट्रक हा व्यावसायिक वापरासाठी असल्यामुळे ग्राहक कायदा लागूच होत नाही, असे डीलर ठामपणे सांगतात आणि पुष्कळ मालक तिथेच गप्प बसतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) मधील स्पष्टीकरणानुसार, स्वयंरोजगाराद्वारे केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक वापरात धरली जात नाही. माईंच्या यजमानांसारखा, स्वतःची एकच गाडी स्वतः चालवणारा मालक ह्या आधारे तक्रार करू शकतो. मोठा ताफा बाळगणाऱ्यांचे प्रकरण अवघड असते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ ह्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी, कारण काही डीलर तेवढ्यानेच हलतात.

आयोगात तोंडी भांडण उपयोगी पडत नाही, जॉबकार्ड पडते. ‘एसी काम करत नाही’ एवढेच त्यावर लिहू देऊ नये. ‘दुपारी उभ्या गाडीत थंडावा नाही, मागील वेळी अमुक तारखेला गॅस भरला होता,’ असे आपल्या शब्दांत लिहून घ्यावे, म्हणजे तोच दोष पुन्हा आल्याचे कागदावर येते.

खंबाटकी
वकीलसाहेब, आमचा अॅडव्हायझर म्हणतो की, कॉम्प्युटरमध्ये तेवढी जागाच नाही.

सनद_२००४
मग छापील प्रतीवर पेनाने लिहावे, त्याची सही घ्यावी आणि तिथेच फोटो काढावा.

रात्रपाळी
मी स्वतः ड्रायव्हर आहे, मालक नाही. वरती सगळ्यांनी पैशाचे लिहिले आहे, ते खरेच आहे. परंतु वर्कशॉपच्या फाटकापाशी गाडीतच मुक्काम करणारा माणूस ड्रायव्हर असतो. एसीच्या गाड्यांना खिडक्यांची हवा पूर्वीइतकी लागत नाही, केबिन बंद-बंद असते, आणि एसी बिघडला की ती जुन्या गाडीपेक्षा जास्त तापते. भाग येईपर्यंत चार दिवस थांबा, असे मालकाला फोनवर कळवले जाते आणि मी ओला पंचा खांद्यावर टाकून तिथेच बसतो. मालकांना एक विनंती आहे की, दुरुस्तीनंतर चाचणी फेरी घेताना ड्रायव्हरला शेजारी बसवण्यास सांगावे. कोणत्या चढावर हवा कोमट होते आणि कोणत्या आवाजानंतर कॉम्प्रेसरचा क्लच सुटतो, हे अॅडव्हायझरला माहीत नसते, आम्हाला असते.

पंचगंगाकाठ
रात्रपाळी, आमचा होज पाइपही ड्रायव्हरलाच सापडला होता, हे वर लिहिलेच आहे. गेजवाले, एक शंका आहे : नवीन होज बसवल्यानंतर तो पुन्हा ब्रॅकेटला घासू नये म्हणून त्यावर जाड रबरी नळीचे आवरण घातले तर चालते का?

गेजवाला
चालते, मात्र क्लिपही बदलून घ्यावी. पाइपला केबिन टिल्ट होण्यापुरती ढील हवी, त्यामुळे तो नुसता ताणून बांधला, तर पुढच्या खेपेस केबिन उचलताना जोडापाशीच निसटेल.