मदत हवी आहे: घरचा एकच कॉम्प्युटर, वापरणारे चौघे

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याला राहतो. नवरा बोटीवर, मी वेर्ण्याला नोकरीला. संध्याकाळी सातपर्यंत घरी सासूबाई, माझी दोन मुलं (१३ आणि ९ वर्षं) आणि कॉलेजसाठी डिचोलीहून आलेला भाचा. कॉम्प्युटर विंडोज ११चा आहे, आणि आजवर सगळे एकाच अकाउंटवरून, माझ्याच, वापरत होते. चूक माझीच.

चवथीनंतर पाहिलं तर दोन अनोळखी प्रोग्राम टाकलेले आणि ब्राउझरची हिस्टरी पूर्ण पुसलेली. माझं बँकेचं कामही त्याच मशीनवर चालतं, म्हणून जीव धास्तावला. पासवर्ड लगेच फोनवरून बदलले.

आता प्रत्येकाला वेगळं स्टँडर्ड (मर्यादित अधिकारांचं) अकाउंट देणार, सगळे अधिकार असलेलं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाउंट फक्त माझ्याकडे. मुलांसाठी मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी (मुलांच्या वापरावर पालकांना लक्ष ठेवू देणारी सोय) लावायचा विचार आहे. पण त्यातला वेबसाइटचा फिल्टर मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येच चालतो म्हणे, आणि मुलांना क्रोमची सवय. कुणी वापरलंय का? क्रोम सरळ बंद केलंत की दुसरी वाट काढलीत?

खरी अडचण भाच्याची. तो १९ वर्षांचा. टाइप केलेलं प्रत्येक अक्षर नोंदवणारं सॉफ्टवेअर बसवा, असं ऑफिसात एकानं सुचवलं. मला ते पटत नाही. त्यात त्याचे खाजगी पासवर्डही माझ्या हाती येतील, आणि वहिनीनं विश्वासानं पाठवलाय त्याला. त्याला समोर बसवून सांगावं असं वाटतं, पण आळ घेतल्यासारखं न वाटता कसं सांगू?

आणि कोण किती वाजता लॉगिन झालं, एवढंच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) नेमकं कुठे दिसतं?