उतारवयात दृष्टी गेली, आता कान आणि बोटं तयार कशी करायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझे वडील ६२ वर्षांचे. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, आता फक्त उजेड-अंधार कळतो. आम्ही नाशिकला, पंचवटीत राहतो. भेटायला येणारा प्रत्येकजण धीर देतो, "एक इंद्रिय गेलं की बाकीची आपोआप तीक्ष्ण होतात." बाबा ते मनावर घेतात, वाट बघतात आणि खचतात. मला त्या 'आपोआप'चाच राग येतो.

मी जे वाचलं ते असं: कान काही बदलत नाहीत, मेंदू आवाजाकडे जास्त लक्ष द्यायला शिकतो. लहानपणीच दृष्टी गेलेली माणसं ब्रेल वाचताना मेंदूच्या मागच्या बाजूचा, एरवी बघण्याचं काम करणारा भागही कामाला लागतो. १९९६ साली सदातो आणि सहकाऱ्यांनी हे मेंदूच्या चित्रणातून दाखवलं. मोठेपणी दृष्टी गेली तर हा बदल बराच कमी होतो. तरी डोळस प्रौढांच्या डोळ्यांवर ५ दिवस पट्टी बांधून ब्रेल शिकवलं, तेव्हा त्यांच्यातही तो भाग स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागला होता. म्हणजे दार पुरतं बंद झालेलं नाही.

परवा काळाराम मंदिराकडून येताना बाबा माझा दंड धरून चालले होते. एका वाड्याची भिंत संपली तिथं थबकले. "इथं बोळ आहे ना?" होताच! कसं कळलं विचारलं तर म्हणाले, "डाव्या कानाला मोकळं वाटलं." अमेरिकेतले डॅनियल किश जिभेनं टक् टक् आवाज काढून प्रतिध्वनीवरून वाट काढतात. ते अगदी लहानपणापासून अंध आहेत. बाबांच्या वयात हे शिकलेलं कुणी माहीत आहे का? सराव घरात सुरू करावा की रस्त्यावर?

दुसरी अडचण बोटांची. बाबांना शुगर आहे, बोटांची टोकं थोडी बधिर झालीत. अशा बोटांना ब्रेलचे ठिपके लागतात का? की तो नाद सोडून मोबाईलवरचं टॉकबॅकच (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय) नीट शिकवावं? आणि या वयात आधी कानांची तपासणी करून घ्यावी असं मला वाटतं, कारण आता सगळी भिस्त कानांवरच आहे.

सातपूरच्या नॅबमध्ये (अंधांसाठी काम करणारी संस्था) किंवा नाशिकात दुसरीकडे पांढऱ्या काठीचं शिक्षण उतारवयात कुणी घेतलं असेल तर कृपया अनुभव लिहा. शिकवायला घरी येतात का, हेही सांगा. बाबा अजून एकटे जिना उतरायला तयार नाहीत.