अर्धवट राहिलेला रस्ता – तुमचे अनुभव

पाणंद
गौरींना मावशीकडे गेले होते. फाट्यावरून गावाकडे वळलो आणि उजव्या हाताला खडीचा ढीग दिसला. त्यावर घाणेरी कमरेएवढी वाढलेली, आणि तिच्या बुडाशी कुणाची तरी शेळी बांधलेली. मावशीला विचारलं तर म्हणाली, "तीन दिवाळ्या झाल्या गं. निधी आला की टाकणारेत." मला एकदम बाबांची सायकल आठवली. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतेय.

आमचं गाव मराठवाड्यातलं, मोठ्या रस्त्यापासून साडेचार किलोमीटर आत. मी सातवीत असताना रस्ता मंजूर झाला. आधी मातीचा होता. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, पण उरलेले आठ महिने चाकाखाली मऊ. त्यावर खडी अंथरली, रोलर फिरला, मुरूम पडला. डांबर दिवाळीनंतर, असं सांगून माणसं गेली. दिवाळी गेली, पुढचा पावसाळा आला, मुरूम वाहून गेला आणि नुसती सुटी खडी उरली. बजेट संपलं, एवढंच गावाला कळलं. मी दहावी होऊन बाहेर पडले तरी रस्ता तसाच.

बाबा पहाटे सायकलला दोन किटल्या अडकवून संकलन केंद्रावर दूध घालायचे. खडीवरून जाताना दूध इतकं हिंदकळायचं की पोचेपर्यंत वर लोण्याचे कण तरंगायचे. मग फॅट कमी लागायची आणि भाव कापला जायचा. बाबांनी किटल्यांना ओलं बारदान गुंडाळून पाहिलं. शेवटी सायकल हातात धरून चालतच जायला लागले. पाचला निघायचे ते साडेतीनला. मी एकदा सोबत गेले होते. केंद्रावर त्यांनी झाकण उघडलं, बोटाने लोण्याचा एक कण उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "खा," म्हणाले. पुढे काहीच बोलले नाहीत.

तुमच्याकडे असा रस्ता होता का? अजून आहे का? लिहा. पक्षांवर नको, आपापलं लिहा.

काळीमाती
आमच्याकडे अजून आहे ताई. वऱ्हाडातला. 2 किमी डांबरी, मग 3 किमी खडी, मग पाटी. पाटी मात्र चकाचक

घाटमाथा
लोण्याचं वाचून गलबललं. माझे आजोबाही दूध घालायचे. बाबा आहेत ना तुमचे?

पाणंद
आहेत, 74 चालू आहे. आता दूध नाही घालत.

काळीमाती
मघाशी पोरगं रडत होतं म्हणून अर्धवट सोडलं. आमची एसटी गाडी बंद झाली त्या खडीपायी. टायर फुटतात, पाटे तुटतात, रस्ता चांगला करा मग गाडी पाठवतो म्हणाले. मुलींसाठीची मानव विकासची निळी बस असते ना, तीही फाट्यापर्यंतच. फाटा ते गाव 3 किमी. सकाळी मुली घोळका करून चालत जातात, ते एक वेळ ठीक. संध्याकाळी हिवाळ्यात सहालाच अंधार. माझ्या चुलत बहिणीच्या वर्गात गावातल्या 9 मुली होत्या, अकरावीला 4 गेल्या. बाकीच्यांच्या घरी कुणी शिकू नको म्हणालं नाही. फक्त "रस्ता झाला की बघू" म्हणाले. त्यातल्या दोघींची लग्नं झाली

सेवानिवृत्त_शाखा_अभियंता
31 वर्षे रस्त्यांवर नोकरी केली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. लोकांना वाटतं रस्ता मंजूर झाला म्हणजे पैसे आले. तसं नसतं. प्रशासकीय मान्यता म्हणजे काम करायला हरकत नाही, एवढंच. पैसे त्या वर्षीच्या तरतुदीतून येतात. समजा उपविभागात 40 कोटींची कामं मंजूर आहेत आणि वर्षाला मिळतात 8 कोटी. मग सगळ्यांना थोडं थोडं वाटतात. एकही काम बंद दिसू नये आणि एकाही गावाने ओरडू नये, म्हणून. परिणाम असा की एकही काम पुरं होत नाही. त्यात पुढच्या वर्षी आणखी 10 कोटींची नवी मंजुरी येते, कारण नारळ फोडायला नवं काम लागतं.

आता पाणंदताईंच्या रस्त्याचं. खडीकरण हा उघडा ठेवायचा थर नाहीच. त्यावर एका मोसमात डांबर पडलंच पाहिजे. नाही पडलं तर पावसात मुरूम निघून जातो, खडी सुटी होते आणि चाकाखालून उडून साईडपट्टीत जाते. पुढे निधी आला तरी फक्त डांबर टाकून भागत नाही, खालचा थर पुन्हा करावा लागतो, तोही नव्या दरसूचीने. म्हणजे थांबलेला रस्ता महागच पडतो. हे मी वरती अनेकदा लेखी कळवलं आहे. सहीची प्रत अजून घरी आहे.

सह्याद्री_सई
काका इतकं सोपं करून कुणी सांगितलंच नव्हतं 🙏

रोलरवाल्याची_लेक
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझा भाऊ सिव्हिलचा डिप्लोमा, सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी, लॉटरीत रस्त्याचं छोटं काम लागलं. घरात पेढे वाटले. खडी उधारीवर, डिझेल उधारीवर, मजुरांना मात्र दर शनिवारी रोख. काम वेळेत झालं, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, बिल गेलं आणि तिथेच राहिलं. पहिल्या मार्चला 15 टक्के आले. दुसऱ्या मार्चला काहीच नाही. क्रशरवाला घरी येऊन बसायचा. चांगला माणूस, आरडाओरडा नाही, चहा घ्यायचा आणि बसून राहायचा. आई आतल्या खोलीत जायची. शेवटी तिने पाटल्या दिल्या.

लोक ठेकेदार म्हटलं की एकच चित्र डोळ्यासमोर आणतात. 2025 मध्ये राज्यभर ठेकेदारांनी कामं बंद ठेवली, संघटनांनी सगळ्या खात्यांची मिळून थकबाकी 89 हजार कोटींच्या घरात सांगितली. त्या आकड्यात माझ्या आईच्या पाटल्या आहेत.

काळीमाती
भावाचं आता काय?

रोलरवाल्याची_लेक
पुण्यात एका बिल्डरकडे साईटवर आहे. बरं चाललंय. लॉटरीचा फॉर्म परत भरला नाही.

सेवानिवृत्त_शाखा_अभियंता
ताई, तुमच्या भावासारखी पोरं मी पाहिली आहेत. 31 मार्चला रात्री अकरापर्यंत कार्यालयाच्या पायरीवर बसलेली. बीडीएसवर, म्हणजे निधी वाटपाच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर, पैसे दिसले की नाही, एवढंच विचारायची. आमच्याही हातात काही नसायचं. डबा उघडायची हिंमत व्हायची नाही त्यांच्यासमोर.

कोकणकडा
आमचा मुंबई-गोवा लिहायला घेतला तर वेगळा धागा लागेल. 2011 ला पनवेल-इंदापूर सुरू झालं तेव्हा माझं लग्न ठरलं होतं, आता मुलगी आठवीत आहे. दर गणपतीला तेच खड्डे, तीच आश्वासनं. पण पैसे नसतात म्हणून अडतं हे मला पूर्ण पटत नाही. 2 ऑगस्ट 2016 ला महाडला सावित्रीवरचा पूल रात्री वाहून गेला, दोन एसट्या गेल्या. आमच्या शेजारचे काका आदल्या रात्री त्याच पुलावरून आले होते. नवा पूल पुढच्या जूनमध्ये सुरू! एका पावसाळ्यातून दुसऱ्यात. मग तेव्हा कुठून आले पैसे?

सेवानिवृत्त_शाखा_अभियंता
प्रश्न रास्त आहे. मुंबई-गोव्याचं दुखणं मुख्यतः भूसंपादन आणि बदलत गेलेले ठेकेदार, शिवाय तो राष्ट्रीय महामार्ग, त्याची तिजोरी वेगळी. सावित्रीचं काम एकच होतं, त्याला पूर्ण पैसे एकदम दिले आणि जागेचा तंटा नव्हता. मी म्हणतो ते हेच. एक काम घ्या, पुरं करा, मग दुसरं घ्या.

घाटमाथा
सहमत. कोकणकडा, यंदा किती तास लागले?

कोकणकडा
पनवेल ते चिपळूण नऊ. मुलीने गाडीत गृहपाठ संपवला 😀

डोंगरवाट
मी आशा सेविका आहे. सातपुड्यात. आमच्या पाड्याला रस्ता नाही, अर्धाच आहे. 108 नाल्यापर्यंत येते, तिथून वर झोळी. दोन बाजूंना दोन माणसं आणि मध्ये बांबू. बाळंतीण असली तर मी बाजूने चालते, हात धरून. चढ असला की झोळी मागे सरकते, तिचे पाय बांबूला टेकतात, मग थांबून परत बांधायची.
पंतप्रधान ग्रामसडक योजनेला आदिवासी भागात 250 लोकवस्ती लागायची. आमचा पाडा 2001 च्या जनगणनेत कमी भरला. मग राज्याच्या योजनेत घातला. नाल्यापर्यंत झालं, मोरीचे पाईप आणून ठेवले. पैसे आले नाही. पाईपांमध्ये पोरं लपाछपी खेळतात.
नेटवर्क जाते येते इथे, नंतर लिहीन

पाणंद
डोंगरवाट ताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे. कशी आहे ती बाळंतीण?

सह्याद्री_सई
माझी आजी 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. आमच्या गावाचा रस्ता तेव्हाच निघाला. बोटांना चिंध्या बांधून बसायच्या बायका, दुपारी सुकडी मिळायची, ती पदरात बांधून मुलांसाठी आणायची. माझी आई सुकडीवर वाढली असं आजी म्हणायची. रोजगार हमीचा कायदा 77 चा ना? म्हणजे त्याच्याही आधीचं. आजीने फोडलेल्या खडीवर पुढे सगळ्यांनी थर चढवले. यंदा कडेला खणलं तर खाली हाताने फोडलेली ओबडधोबड खडी दिसली. मशीनची वेगळी असते, लगेच कळतं. आजी असती तर म्हणाली असती हा माझा दगड. विषय भरकटला, सॉरी.

काळीमाती
कुठे भरकटला, हाच तर विषय. आमच्या आज्याबद्दलही असंच ऐकलंय, ते तलावाच्या कामावर होते

मुक्काम_मिशिगन
इथे बसून लिहू की नको असं वाटत होतं, आईबाप गावाकडेच आहेत म्हणून लिहितेय. मिशिगनमध्ये हिवाळ्यात पाणी गोठून फुगतं आणि रस्ते फुटतात, वसंतात नुसते खड्डे. केंद्राचा पेट्रोलवरचा कर गॅलनला 18.4 सेंट, तो 1993 पासून तेवढाच! रस्त्यांसाठी विक्रीकर वाढवायचा प्रस्ताव 2015 मध्ये मतदानाला ठेवला, लोकांनी धुडकावला. आणि ऐका, 2010 च्या सुमारास इथल्या काही काउंट्यांनी डांबर परवडत नाही म्हणून गावाकडचे डांबरी रस्ते उखडून परत खडीचे केले. पहिल्यांदा कळलं तेव्हा विश्वासच बसला नाही. आईला फोनवर सांगितलं, ती म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच की. नीट चालव."

घाटमाथा
"नीट चालव" 😀 आया जगभर सारख्या

रोखठोक
सगळं खरं, पण मुळात पैसा जातो कुठे ते बोला. 2024 ला लाडकी बहीण आली, वर्षाला 46 हजार कोटी खर्च सांगितला होता. मग रस्त्यांना काय राहणार?

डोंगरवाट
दादा ते 1500 माझ्या पाड्यातल्या बायांना मिळतात. जीपवाला नाल्यापासून तालुक्याला 60 रुपये घेतो, ते त्यातूनच देतात. रस्ता झाला असता तर तेवढे वाचले असते, हे पण खरं. दोन्ही पाहिजे.
पाणंद ताई, ती बरी आहे. मुलगी झाली. आता चालायला लागली.

पाणंद
किती बरं वाटलं! रोखठोक, इथे योजनांवर नको, प्लीज. तुमच्या गावचा रस्ता कसा आहे ते लिहा.

रोखठोक
ठीक. आमचा बरा आहे. साईडपट्ट्या भरलेल्या नाहीत, ऊस भरलेला ट्रॅक्टर समोरून आला की दुचाकी खाली उतरवावी लागते. एक फूट खोल आहे. वडील तसेच पडले होते, खुब्याचं ऑपरेशन झालं. म्हणून तिडीक येते, दुसरं काही नाही.

सह्याद्री_सई
अरेरे. आता चालतात का?

रोखठोक
वॉकरवर.

काळीमाती
अभियंता काका, आमचा रस्ता कुणाकडे आहे हे कसं कळतं? झेडपीत गेलो तर म्हणतात बांधकाम खात्याकडे, तिथे गेलो तर म्हणतात झेडपीकडे

सेवानिवृत्त_शाखा_अभियंता
आधी रस्त्याचा दर्जा विचारा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडे. प्रत्येकाला क्रमांक असतो, ग्रामसेवकाकडे मिळेल. मग माहिती अधिकारात तीनच गोष्टी मागा: प्रशासकीय मान्यतेची तारीख आणि रक्कम, आजवर वितरित झालेला निधी, मोजमाप पुस्तिकेतली शेवटची नोंद. गोल गोल प्रश्न विचारू नका, उत्तरही गोल येतं. पंतप्रधान सडकचा असेल तर पाच वर्षं दुरुस्ती ठेकेदाराकडेच असते, पाटीवर लिहिलेलं असतं. त्याची तक्रार मेरी सडक ॲपवर फोटोसकट करता येते.

काळीमाती
पाटी चकाचक आहे म्हणालो ना, उद्याच फोटो काढतो

कोकणकडा
पाणंदताई, मावशीकडच्या त्या ढिगाचा फोटो आहे का? शेळीसकट 🙂

पाणंद
फोटो नाही काढला. काल रात्री बाबांना हा धागा वाचून दाखवला. डोंगरवाट ताईंचं दोनदा वाचायला लावलं. लोण्याचं मी लिहिलंय हे ऐकून जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, रस्ता झाला ना नंतर, तू बाहेर गेलीस त्याच्या दुसऱ्या वर्षी. डांबर पडलं त्या दिवशी संध्याकाळी ते चप्पल हातात घेऊन फाट्यापर्यंत चालत गेले होते. ऊन होतं अजून डांबर, म्हणाले. मला हे माहीतच नव्हतं.

घाटमाथा
कुकर झाला, आत जाते. पण हे वाचून मग गेले.

डोंगरवाट
बाबांना माझा नमस्कार सांगा