बीएस्सी मॅथ्सनंतर एक वर्षाचा स्टॅटचा पीजी डिप्लोमा: सोलापुरातल्या पोरापोरींनी करावा का?

टॉवेल_क्वालिटी
माझी भाची यंदा बीएस्सी झाली, मॅथ्स घेऊन, सुरुवातीच्या वर्षांना स्टॅट (स्टॅटिस्टिक्स, संख्याशास्त्र) पण होतं. आता घरात रोज तोच विषय. तिचे पप्पा म्हणतात बीएड कर, आई म्हणते एमएस्सी मॅथ्स कर, आणि तिच्या मैत्रिणी पुण्यात डेटा सायन्सच्या क्लासला चालल्यात, फी लाखाच्या वर, वर रूमभाडं आणि मेस वेगळं. माझं मत मी तिला स्पष्ट सांगितलंय आणि इथंही मांडतो, विरोध असेल तर करा. एक वर्ष स्टॅटिस्टिक्स नीट शिकायचं आणि पीजी डिप्लोमा हातात घेऊन कामाला लागायचं. नवीन शैक्षणिक धोरणात दोन वर्षांच्या एमएस्सीचं पहिलं वर्ष पूर्ण केलं, म्हणजे ४० ते ४४ क्रेडिट (अभ्यास मोजायचं एकक) झाले, की पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. क्रेडिट जमा ठेवणारी अकॅडमिक बँक असते, तिथं ते सात वर्षांपर्यंत राहतात, परत येऊन दुसरं वर्ष करायची वाट बंद होत नाही. आपलं सोलापूर विद्यापीठ केगावला, घरून जाऊन येऊन होतं, मग पुण्याचा खर्च कशाला?
मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. इथं गणित येणारी माणसं आहेत, पण आकड्यांचा अर्थ लावणारं माणूस शोधून सापडत नाही. म्हणून तळमळीनं लिहितोय.

गणित_सर
तळमळ पोचली, पण सल्ला पटला नाही. मी ज्युनिअर कॉलेजला बरीच वर्षं गणित शिकवतोय, त्यामुळं बाहेर काय होतं ते बघतोय. पहिलं म्हणजे, शिक्षकी पेशात जायचं असेल तर डिप्लोमा चालत नाही. अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बीएड लागतं, सीनिअरला पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी आणि वर सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा. दुसरं, यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा. तिथं पदवीला स्टॅट हा एक विषय पाहिजे, नाहीतर स्टॅटची मास्टर्स पाहिजे. तुमच्या भाचीला पदवीला स्टॅट होतं तरी तिनं जाहिरातीतली ओळ नीट वाचून खात्री करावी, पण ज्यांना अजिबात नव्हतं त्यांना डिप्लोमानं हे दार उघडत नाही, एमएस्सी स्टॅटनं उघडतं. म्हणजे एका वर्षासाठी पोरीची दोन दारं बंद करायची?
आणि ते 'परत येता येतं' कागदावर ठीक आहे हो. एकदा पगार सुरू झाला, घरात त्या पगाराची सवय लागली, की कोण परत येतंय. मुलींच्या बाबतीत तर मधे लग्नाचं निघतं. दोन वर्षं सलग बसली तर होऊन जातं.

टॉवेल_क्वालिटी
सर, सगळ्यांनाच शिक्षक व्हायचंय असं धरून तुम्ही बोलताय. अहो किती पोरं एमएस्सी बीएड होऊन तासिका तत्त्वावर झिजतायत ते तुम्हीच बघता.
मी नुसतं बोलत नाही, कारखान्यातलंच सांगतो. आमचा ७५ बाय १५० चा टॉवेल, वजन साधारण ४८० ग्रॅम. पार्टी जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) बघते, वजन कमी भरलं की माल परत आणि जास्त भरलं की सूत आपलं फुकट गेलं. पूर्वी काय व्हायचं, एखादा टॉवेल ४७२ भरला की मुकादम ओरडायचा, जॉबर लगेच मागावर जाऊन सुताचं टेन्शन फिरवायचा, मग पुढचे ४९० यायचे, परत फिरवा, दिवसभर हेच. आता एका मागावरचे सलग पाच टॉवेल वजन करतो, त्यांची सरासरी आणि सगळ्यात जड-हलक्यातला फरक लिहितो. फरकांची सरासरी १२ ग्रॅम आली तर ०.५७७ नं गुणायचं (पाचाच्या गटासाठी ठरलेला आकडा आहे), सात ग्रॅम येतात. म्हणजे पाचांची सरासरी ४७३ ते ४८७ च्या आत आहे तोवर मागाला हात लावायचा नाही. बाहेर गेली तर कारण शोधायचं. अमेरिकेतल्या श्यूहार्टनं १९२४ ला काढलेला चार्ट आहे हा, शंभर वर्षं झाली, आणि आपल्या कितीतरी शेडमधे अजून पोचलेला नाही. हे एसक्यूसीच्या (स्टॅटिस्टिकल क्वालिटी कंट्रोल) पेपरात येतं, त्याला दोन वर्षं लागत नाहीत.

केगाव_कट्टा
मी सध्या एमएस्सी स्टॅटलाच आहे, मॅथ्समधून आलेल्या पोरांचं काय होतं ते डोळ्यासमोर आहे म्हणून लिहितो. पहिल्या सेमिस्टरला मॅथ्सवाले प्रोबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जेब्राला पुढं असतात, स्टॅटवाले मागं. पण प्रॅक्टिकलला उलटं होतं. डेटा समोर ठेवला आणि विचारलं की कोणती टेस्ट लावायची, तर मॅथ्सवाले गप बसतात, कारण त्यांना प्रश्नात 'सिद्ध करा' असं लिहिलेलं पाहिजे असतं. ते वळण पडायलाच चार-पाच महिने जातात. दुसऱ्या सेमिस्टरला ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट, चार क्रेडिटचं, आणि कुठं मजा यायला लागली की वर्ष संपतं. मला विचाराल तर एका वर्षात बाहेर पडणं म्हणजे पोहायला आत्ता कुठं जमायला लागलं आणि विहिरीतून वर यायचं.
पण दादांचं एक बरोबर आहे, पुण्याचा क्लास करून आलेले आमचे सीनिअर पायथनची कमांड फडाफड मारतात आणि पी-व्हॅल्यू म्हणजे काय विचारलं की 'हायपोथिसिस खरं असायची शक्यता' असं सांगतात. साफ चूक आहे ते. नल हायपोथिसिस (काही फरकच नाही हे गृहीतक) खरं धरलं तर असा किंवा याहून टोकाचा निकाल यायची ती प्रोबॅबिलिटी आहे. विद्यापीठात बसून शिकलेला पोरगा निदान एवढं चुकत नाही.

मोहोळचा_डाळिंबवाला
मला यातलं शिक्षण नाही, बीएस्सी अॅग्री आहे, पण टॉवेलवाल्या दादांना माझा पाठिंबा. केगावलाच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आमच्या भागात डाळिंबावर तेल्या रोग आला की औषधांच्या कंपन्यांची माणसं रांग लावतात, प्रत्येकाचं म्हणणं आमच्या औषधानं फरक पडला. कसा बघितला फरक? तर बागेच्या एका कडेला मारलं आणि दुसऱ्या कडेला नाही मारलं. अरे पण वरच्या अंगाला मुरमाड आहे, खाली काळी आहे, पाणी खाली साचतं, रोग तिथंच जास्त येणार की. मग मी काय केलं, बागेचे उताराप्रमाणं पाच पट्टे पाडले, प्रत्येक पट्ट्यात चार भाग, तीन औषधं आणि एक नुसतं पाणी, कुठल्या भागाला काय ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. कॉलेजात आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) म्हणून शिकवलं होतं तेच. गणित करायला मात्र ओळखीची एक स्टॅटची मुलगी लागली, तिनं तासाभरात तक्ता करून दाखवला की पट्ट्यापट्ट्यातला फरक औषधांतल्या फरकापेक्षा मोठा आहे. त्या हंगामात औषधावरचा केवढा तरी खर्च वाचला. अशी एकेक मुलगी तालुक्याला पाहिजे, आणि ती एमएस्सी का डिप्लोमा हे मी विचारलं पण नाही.

पुण्यात_सोलापूरकर
भावना सगळ्या छान आहेत पण पगार कोण देणार ते बोला ना. मी बाणेरला अॅनालिटिक्समधे आहे, शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं घरी येणारा माणूस आहे मी, सोलापूरबद्दल वाईट वाटतं म्हणूनच बोलतोय. आमच्याकडं बायोडाटा आधी एचआर चाळतो, त्याला एमएस्सी स्टॅट कळतं, एमबीए कळतं, पीजी डिप्लोमा दिसला की तो विचारतो कुठला, किती महिन्यांचा, ऑनलाइन का. कारण सहा महिन्यांच्या क्लासवाले पण सर्टिफिकेटवर पीजी डिप्लोमाच छापतात, त्यात विद्यापीठाचा खरा डिप्लोमा पण भरडला जातो. डिप्लोमाच करायचा तर नाव असलेला करा, आयएसआयचा (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) एक वर्षाचा आहे, सांख्यिकी पद्धती आणि अॅनालिटिक्सचा, चेन्नई आणि तेजपूरला, प्रवेश परीक्षा देऊन. त्याला कुणी विचारत नाही कुठला म्हणून. इथला करून इथंच बसायचं असेल तर टॉवेलच्या कारखान्यात स्टॅटवाल्याला वेगळी पोस्ट तरी आहे का? दादा तुम्हीच सांगा.

टॉवेल_क्वालिटी
पोस्ट नाही. खरं तेच सांगतो, स्टॅटिस्टिशियन अशी पोस्ट आमच्यात नाही, क्वालिटी इनचार्ज म्हणूनच घेतात. पण एक्स्पोर्टची पार्टी आता टेस्ट रिपोर्ट मागते, चार्ट मागते, आणि तो बनवणारा माणूस मालकाला परवडतो, कारण एक कंटेनर परत आला तर काय होतं ते मालकाला माहिती आहे. साखर कारखाने बघा, जिल्ह्यात एवढे आहेत, रिकव्हरीचा (उसातून साखर किती निघाली त्याचा) रोजचा आकडा येतो आणि नुसता फळ्यावर लिहिला जातो. कामं पडलीत हो, माणूस आला की पोस्ट होते. सगळेच बाणेरला गेले तर इथं कोण करणार? हे मी मनापासून विचारतोय.

गणित_सर
तुमच्याच चार्टवर एक प्रश्न. समजा डिप्लोमावाल्यानं सोय म्हणून पाच वेगवेगळ्या मागांवरचा एकेक टॉवेल घेतला. एक माग ४६५ काढतोय, एक ४९५. फरक झाला ३०. त्याला ०.५७७ नं गुणलं तर मर्यादा दोन्ही बाजूला १७ ग्रॅम. सरासरी ४८० च येणार, चार्ट म्हणणार सगळं आलबेल, आणि दोन माग बिघडलेले तसेच चालू राहणार. सूत्र तेच, गुणाकार बरोबर, निष्कर्ष घातक. सूत्र कुठून आलं हे ज्याला माहिती तोच म्हणेल की थांबा, गट चुकीचा पाडलाय. ही समज यायला इन्फरन्स (नमुन्यावरून निष्कर्ष काढायचं शास्त्र) लागतं, लिनिअर मॉडेल लागतं, वेळ लागतो.
डाळिंबवाल्यांनी पिकाचा विषय काढला म्हणून सांगतो. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, जन्म १९११. उतारा काढायला शेतातला ठरावीक तुकडा कापून तोलतात, त्या पीक कापणी प्रयोगात केवढा तुकडा कापायचा यावर त्यांचा आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा मोठा वाद झाला. महालनोबिस छोटे तुकडे घ्यायचे, स्वस्त पडतं, जास्त ठिकाणी घेता येतं. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा छोटा असला की कडेवरची पिकाची ताटं माणूस आतच धरतो आणि उतारा फुगून दिसतो. आज पीकविम्याचा पैसा ठरवतानाही हेच कापणी प्रयोग धरतात. हा वाद करायला खोल गणित आणि शेताचा बांध दोन्ही माहिती लागतं. म्हणून म्हणतो, पोरीला अर्ध्यात उठवू नका.

मोहोळचा_डाळिंबवाला
सर, पण मग सुखात्मे शेतात उतरले म्हणूनच कडेची ताटं त्यांना दिसली ना. नुसत्या वर्गात बसून दिसली नसती.

टॉवेल_क्वालिटी
सर, मागांचं तुम्ही बोललात ते शंभर टक्के मान्य, 'एका मागावरचे सलग पाच' हे मी वर लिहिलं होतं ते त्याच कारणानं. पण ते मला पुस्तकात नाही, शेडमधे कळलं. माझा मुद्दा तोच आहे. वर्षभर शिकून कामावर गेलं की प्रश्न पडतात, मग दुसरं वर्ष करायला आलेला माणूस नुसता पास व्हायला येत नाही, त्याला काय विचारायचंय ते माहिती असतं. लग्नाचं तुम्ही म्हणालात ते घरच्यांनी ठरवायचं, तिच्या घरी मी बोलणार आहे.

अक्कलकोटची_मॅथ्सवाली
मामा, मीच आहे. सगळं वाचलं. मी एमएस्सी स्टॅटचा फॉर्म भरणार आहे, माझी पात्रता माहितीपत्रकात बघून घेतली. एमएस्सी मॅथ्स नको आणि पुणे पण नको. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायचं का ते मी तेव्हाच ठरवेन, आत्ता कुणी ठरवू नका. ऑन जॉब ट्रेनिंगला मात्र मला तुमच्या शेडमधे घ्या, मालकांना आत्तापासून विचारून ठेवा. सर, मला बीएस्सीला प्रोबॅबिलिटी वरवरच झालंय, सुट्टीत काय करू?

गणित_सर
फॉर्म भरतेस हे चांगलं झालं. मी दुसऱ्या वर्षाचा आग्रह सोडलेला नाही हे लक्षात ठेव. सुट्टीत नवीन काही धरू नकोस. गॅमा आणि बीटा फंक्शन हातानं सोडव, डबल इंटिग्रलमधे मर्यादा बदलायचा सराव कर, कारण जॉइंट डिस्ट्रिब्युशनला सगळी पोरं तिथंच अडकतात. मॅट्रिक्सचा रँक, आयगेन व्हॅल्यू, क्वाड्रॅटिक फॉर्म परत बघ, रिग्रेशन त्याच्यावरच उभं आहे. आणि मामांकडून कुठल्याही एका मागाची महिनाभराची वजनं वहीत उतरवून आण, आर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात टाकून आलेख काढ. अडलं तर रविवारी सकाळी विचार.

केगाव_कट्टा
आरच्या प्रॅक्टिकलच्या वह्या माझ्याकडं आहेत, दोन्ही सेमिस्टरच्या. अॅडमिशन झालं की डिपार्टमेंटला येऊन घेऊन जा.